रिकाम्या खोल्यांचे फोटो

पावसाळा सरला की मुरुडच्या लॉजवाल्यांना हेमालीची आठवण यायची. भाद्रपद संपता संपता भिंतींना नवा रंग लागे, गाद्या उन्हात पडत, गंजलेल्या तोट्या बदलल्या जात आणि मग कुणीतरी म्हणे, “आता त्या फोटोवाल्या बाईंना बोलवा.” एरवी वर्षभर तिचा फोन मुका असे.

उरणला ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. माहेर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. भावाचे ट्रेलर बंदरावर चालत होते, घराचे मजले वाढले होते, पण त्यातली एकही खोली आपली म्हणावी असं तिला वाटत नव्हतं. कामाच्या दिवशी ती करंज्याच्या धक्क्यावर स्कूटर लाँचमध्ये चढवायची, रेवसला उतरायची आणि अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरुड गाठायची. कॅमेऱ्याची बॅग पायाशी, ट्रायपॉड मागच्या सीटला दोरीनं बांधलेला.

पूर्वी ती लग्नांचे फोटो काढायची. नवरा निकेत व्हिडिओ करायचा, ती फोटो. पनवेलपासून पेणपर्यंत त्यांची जोडी सगळ्या हॉलवाल्यांना ठाऊक होती. घटस्फोट झाला तेव्हा धंद्याचं नाव, ड्रोन आणि ओळखीपाळखी निकेतकडे गेल्या. तिच्याकडे एक कॅमेरा आणि दोन लेन्स राहिल्या. एकटीनं लग्नं घेऊन पाहिली तिनं. पण हळदीच्या मांडवात शिरल्या शिरल्या कुणी ना कुणी विचारायचंच, “निकेतदादा कुठायत?” एकदा नवरीच्या आईनं तर फोटो काढताना मध्येच विचारलं. त्यानंतर तिनं लग्नं सोडली आणि खोल्या धरल्या. खोल्या काही विचारत नाहीत.

आणि खोल्यांचे फोटो तिला छान जमायचे. लोकांना वाटतं की खोली लहान म्हणजे लेन्स जितकी रुंद तितकी बरी. हेमालीचं मत उलटं होतं. फार रुंद लेन्सनं कडेचा पलंग ताणला जातो, होडीसारखा दिसतो; गिऱ्हाईक येतं, खरी खोली बघतं आणि फसवल्यासारखं तोंड करतं. म्हणून ती कोपऱ्यात पाठ टेकवून उभी राही, लेन्स थोडी आवळून चौकट जरा अरुंद करी आणि कॅमेरा डोळ्यांशी न धरता बटणांच्या बोर्डाच्या उंचीवर लावी. त्या उंचीवरून पलंगाची चादरही दिसते आणि छतही अंगावर येत नाही. दाराची चौकट उभी सरळ आली पाहिजे, हा तिचा हट्ट. चौकट कलली की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी बिनसलंय एवढं जाणवतं. ट्यूबलाइट बंद, पिवळा बल्बही बंद, खिडकीचा उजेड पुरे. खिडकीबाहेरचा समुद्र पांढराफटक होऊ नये म्हणून ट्रायपॉड न हलवता ती तीन फोटो घेई, एक नेमका, एक काळोखा, एक उजळ, आणि घरी जाऊन ते एकमेकांत मिसळी. संडासाचं झाकण पाडलेलं आहे ना, हे मात्र कॅमेरा काढायच्या आधी.

काम संपलं की लॉजवाले चहा पाजत आणि घड्याळाकडे बघत. पहिल्या वर्षी एकदा परतीची लाँच चुकणार म्हणून तिनं विचारलं होतं, “आजच्या दिवस एक खोली मिळेल का?” ज्या खोलीतला पलंग तिनं स्वतः चादर ओढून सजवला होता, त्याच खोलीबद्दल मॅनेजर म्हणाला, “मॅडम, एकट्या लेडीजला आम्ही देत नाही. राग मानू नका, उगाच भानगड नको.” तिनं राग मानला नाही. स्कूटरला किक मारली आणि अलिबागेतल्या मावसबहिणीच्या दारात अंधारून आल्यावर जाऊन उभी राहिली. त्यानंतर तिनं कुठंच विचारलं नाही.

पुढे एका वर्षी वेणूबाईंचा फोन आला. गावाच्या टोकाला सुपारीच्या वाडीला लागून त्यांचं घर. वरच्या मजल्यावर चार खोल्या, पुढे एकच लांब गॅलरी, आणि गॅलरीतून सुरूच्या झाडांमधून दिसणारा समुद्र. नवरा वारून काही वर्षं झाली होती. मुलगा अल्पेश पुण्याला नोकरीला, लॉजचं मोबाइलवरचं सगळं काम तो तिथूनच बघायचा. बाई साठीच्या पुढच्या, किरकोळ अंगाच्या, पण पायाला भिंगरी असल्यासारख्या खालीवर करणाऱ्या. हेमाली काम करत असताना बाकीचे मालक फोनवर बोलत बसत. वेणूबाई मात्र दारात उभ्या राहून सगळं बघत राहिल्या.

“एवढं सरकवून ठेवलंस ते कशाला?” त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं.

“खिडकीच्या समोर येत होतं, मावशी. उजेड अडत होता.”

“आनि ती उशी?”

“ती उगाच. डोळ्याला बरी वाटते म्हणून.”

वेणूबाई हसल्या. मग खाली गेल्या आणि पदराखाली काहीतरी घेऊन वर आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा होता. “अल्पेशनं घेतलाय. बारक्या लेन्सनं घरातले काढायचे, मोठीनं चंद्र पन दिसतो म्हनाला. दोन म्हयने काढले फोटो, मंग ऱ्हायला तो कपाटात. मना शिकवशील? पावसानंतर रंग बदलला, पडदं बदललं, की परत परत तुला कुठं बोलवायची?”

आपल्याच पोटावर पाय देणारं काम आहे हे हेमालीला कळत होतं. तरी तिनं कॅमेरा हातात घेतला. मोठी लेन्स खिडकीकडे धरून आत पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते.

“बुरशी आलीय, मावशी. आतून. ही पुसून जायची नाही.”

“कपाटात तर होता. डांबराच्या गोळ्या पन टाकल्या होत्या.”

“गोळ्या कपड्यांना. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि बंद कपाट म्हणजे ओल कोंडायची जागा. इथं समुद्रावर तर बघायलाच नको. घट्ट झाकणाचा डबा घ्या, आपण पापडाला घेतो तसला. त्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या टाका. आणि मुख्य म्हणजे वापरत राहा. रोज हाताळलेल्या वस्तूला बुरशी धरत नाही.”

लहान लेन्स मात्र स्वच्छ होती. हेमालीनं ती लावून दिली आणि मोठी वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगितली, एकीची दुसरीला लागू नये म्हणून. मग गॅलरीत उभं राहून ती शिकवत बसली. एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर आणायचा नाही, काचेवर वाफ धरते; बॅगेतच राहू द्यायचा थोडा वेळ. वाळूवर असताना लेन्स बदलायची नाही, काय वाटेल ते झालं तरी. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश आपोआप वर येऊ लागला तर तो दाबून बंद करायचा, त्यानं खोली पोलीस ठाण्यासारखी दिसते. वेणूबाई प्रत्येक गोष्टीला “व्हय” म्हणत आणि मग ती खरोखर करून बघत.

शिकवण्याच्या नादात लाँचची वेळ टळली. हेमाली घाईघाईनं बॅग भरू लागली तेव्हा वेणूबाई म्हणाल्या, “जातेस कुठं आता? ऱ्हा की. चारी खोल्या रिकाम्याच हायत.”

हे त्या इतक्या सहज बोलल्या की हेमालीनं भरलेली बॅग परत खाली ठेवली. ती राहिली. वेणूबाईंनी बोंबलाचं कालवण आणि भाकरी वाढली, आणि टोकाची खोली उघडून दिली.

सकाळी ती चहाचा कप घेऊन गॅलरीत येऊन बसली. समुद्राला ओहोटी होती, ओल्या वाळूत पक्षी टिपत होते. तिथं प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर ती, एक मोकळी. किती दिवसांनी ती कॅमेऱ्याशिवाय एखाद्या खोलीच्या बाहेर नुसती बसली होती. डोक्यात काही नव्हतं. तेवढ्यात मागे क्लिक वाजलं.

वेणूबाई दारात कॅमेरा घेऊन उभ्या. “बग, जमलाय का?”

हेमालीनं पाहिलं. क्षितिज एका बाजूला कललं होतं, कप अर्धा कापला गेला होता. पण उजेड सुंदर पडला होता, मानेवर आणि खुर्चीच्या पाठीवर. “उजेड चांगला ओळखलात,” ती म्हणाली. “पण हा काढून टाका हं. लॉजच्या फोटोत माणूस नको. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही जागा माझी वाट बघतेय.”

“बरं,” वेणूबाई म्हणाल्या.

उरणला परत आल्यावर हेमालीनं फोटो नीट करून अल्पेशला पाठवले आणि विसरून गेली. कामं एकामागून एक होती, मग दिवाळी आली. भाऊबीजेला ती भावाकडे जाऊन आली. वहिनीनं आग्रहानं वाढलं, भाच्यांनी मोबाइलवरून मान वर न करता तिच्या पाया पडून घेतलं, आणि संध्याकाळी ती आपल्या दोन खोल्यांत परतली. दिवा लावून बसली असताना फोनवर निकेतचा मेसेज आला. वर्षभरात पहिला.

लॉजच्या जाहिरातीचा फोटो होता. गॅलरी, समुद्र, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणि एका खुर्चीत पाठमोरी बाई. खाली निकेतनं लिहिलं होतं, “ही तूच ना? एकटीच फिरतेस वाटतं आता.”

तिनं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. आपली पाठ माणसाला कधी दिसत नाही. क्लिपमध्ये कशीतरी अडकवलेले केस, किंचित पुढे झुकलेले खांदे, आणि शेजारची ती मोकळी खुर्ची. त्या सकाळी तिला मोकळी खुर्ची जाणवलीसुद्धा नव्हती. फोटोत मात्र तीच आधी दिसत होती. आणि हा फोटो जगानं बघितला होता. निकेतनं पाठीवरून ओळखलं, म्हणजे आणखी कितीजणांनी ओळखलं असेल, कोण जाणे.

तिनं वेणूबाईंना फोन लावला. नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, “मावशी, तो फोटो काढून टाका.”

“कुठला गं?”

“माझा. खुर्चीतला. मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला.”

वेणूबाई हळू आवाजात म्हणाल्या, “व्हय, सांगितलंस. चुकलं माझं. मना आवडला होता गं, म्हनून बाकीच्यांबरोबर अल्पेशला धाडला. त्यानं तोच पहिला लावला.” त्या पुढे बोलल्या, “काढते. पन एक सांगू? त्या फोटोपायी मानसं याया लागलीत माझ्याकडं.”

“कसली माणसं?”

“बायका. एकट्या. कालच एकीचा फोन आला होता. म्हनते, फोटोत त्या ताई एकट्याच राहिल्यात ना तुमच्याकडं? मंग मना द्याल का खोली? मी म्हटलं, न द्यायला काय झालं! तर फोनवर रडायलाच लागली ती. दोन ठिकानी नको म्हनाले होते तिला.” वेणूबाईंनी श्वास घेतला. “मना ठावंच नव्हतं बाय, की एकट्या बाईला खोली देत न्हायत. आमच्याकडं कोनी आलंच नव्हतं कधी एकटं.”

हेमालीच्या डोळ्यांसमोर तो मॅनेजर उभा राहिला, घड्याळाकडे बघणारा. आजवर ज्या खोल्या तिनं देखण्या करून जगाला दाखवल्या होत्या, त्यातल्या बहुतेक खोल्यांत तिला स्वतःला थारा नव्हता. हे तिला माहीत होतं. पण आपल्यासारख्या आणखी आहेत, फोनवर रडणाऱ्या, हे तिनं कधी मनाशी आणलं नव्हतं.

“तुला नको असंल तर आत्ता अल्पेशला फोन करते,” वेणूबाई म्हणाल्या. “शेवटी तोंड तुझं हाय. म्हंजे पाठ तुझी हाय.”

हेमालीला न राहवून हसू आलं. “राहू दे,” ती म्हणाली. “फक्त अल्पेशला सांगा, क्षितिज सरळ करून लाव. समुद्र सांडतोय असं दिसतंय.”

फोन ठेवल्यावर तिनं निकेतला उत्तर लिहायला घेतलं. दोनतीनदा लिहून खोडलं. शेवटी एवढंच लिहिलं, “मीच आहे. फोटो दुसऱ्या कुणी काढलाय.” खालच्या खुणा निळ्या झाल्या. पुढे काही आलं नाही. तिला वाटलं होतं, काहीतरी येईल.

पौषात कामं थंडावली. एका सकाळी अंगावर स्वेटर चढवून ती उगाचच करंज्याला गेली आणि तिकडून उगाचच मुरुडला. न कळवता गेली, कारण काय कळवायचं तेच तिला ठरवता येत नव्हतं. वेणूबाई अंगणात सुपाऱ्या पसरत होत्या. तिला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. “फोन तरी करायचास! खोली न्हाय गं. चारी भरल्यात.”

“मग मी जाते परत.”

“जाते काय! माझी माजघराची खाट हाय की.”

वरच्या चार खोल्यांपैकी दोन कुटुंबांकडे होत्या, एकीत एक नवं जोडपं होतं, आणि टोकाच्या खोलीत शिवानी नावाची, पाली गावची शिक्षिका. तिशीतली, चष्मेवाली, वडील गेल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. वडिलांचं आजारपण तिनं एकटीनं काढलं होतं. दुपारच्या जेवणाला ती खाली आली तेव्हा वेणूबाईंनी मोठ्या तोऱ्यात ओळख करून दिली, “ही फोटोतली.”

शिवानी बघतच राहिली. “मला वाटलं होतं, तुम्ही वयानं मोठ्या असाल,” ती म्हणाली, आणि लाजली.

जेवताना तिनं विचारलं, कॅमेरा घ्यावा म्हणते, कुठला घेऊ? दुकानदार जास्त मेगापिक्सेलचा घ्या म्हणतोय. हा प्रश्न हेमालीला सगळे विचारत आणि ती ठरावीक उत्तर देऊन मोकळी होई. आज तिनं उलट विचारलं, “काढायचंय काय तुम्हाला?”

शिवानी विचारात पडली. “तसं काही नाही. पण सुट्टीच्या दिवशी घरात बसवत नाही. हातात काहीतरी असलं की माणूस कुठंही उभं राहू शकतं ना? कुणी विचारलं, इथं काय करताय, तर सांगता येतं.”

हेमालीचा घास हातात राहिला. मग ती म्हणाली, “मेगापिक्सेल सोडून द्या. भिंतीएवढा फोटो छापायचा नसेल तर आज मिळणारा कुठलाही पुरतो. दुकानात जाऊन हातात धरून बघा. करंगळी खाली लोंबकळते का, डोळ्याला लावल्यावर नाक दाबलं जातं का, चष्म्यासकट पूर्ण चौकट दिसते का. जड असेल तर घेऊ नका, महिन्याभरात घरीच पडून राहील. नवाच पाहिजे असंही नाही. वापरलेला घ्या, पण लेन्स उजेडासमोर धरून आतून बघून घ्या. आणि एकच लेन्स घ्या, लहानशी. तिच्यात झूम नसला तरी चालेल.”

“झूम नसेल तर लांबचं कसं काढायचं?”

“जवळ जायचं,” हेमाली म्हणाली. “मला नाही जमत ते. माणसांच्या बाबतीत तर नाहीच. पण तुम्ही सुरुवातीपासून सवय करा.”

वेणूबाईंनी दोघींच्या ताटात न विचारता भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवानी एसटीनं गेली. जाताना नंबर घेतला, कॅमेरा घेतला की दाखवते म्हणाली. असे नंबर लोक घेतात आणि विसरतात, हे हेमालीला ठाऊक होतं. तरी फोनमध्ये नाव लिहिताना तिनं पुढे “पाली” असंही लिहिलं. बाकीचे पाहुणे समुद्रावर गेले. घर एकदम ओकंबोकं झालं. हेमालीनं वेणूबाईंना सुपाऱ्या उलटायला मदत केली. दोघी फारसं बोलल्या नाहीत. वेणूबाईंना उन्हाची गुंगी आली आणि त्या ओट्यावरच भिंतीला टेकून झोपल्या. तोंड थोडं उघडं, हातात अजून एक सुपारी. हेमालीचा कॅमेरा आतल्या खाटेवर होता. तिनं तो आणला. उजेड बघितला, जागा बघितली, आणि तसाच खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, ओट्यापाशी गेली, जवळ, आणखी जवळ, अगदी श्वास ऐकू येईपर्यंत, आणि एकच फोटो काढला. फार चांगला नव्हता. हात हलला होता.

निघताना वेणूबाई फाटकापर्यंत आल्या. ओल्या नारळाची पिशवी स्कूटरला अडकवली आणि म्हणाल्या, “पोचलीस का फोन कर.”

हेमाली “हो” म्हणाली आणि निघाली. काशीदच्या चढावर तिच्या ध्यानात आलं की हे वाक्य कुणी म्हणून किती काळ लोटला. आई असताना म्हणायची. निकेतबरोबर सगळीकडे जोडीनंच जाणं, तेव्हा पोचल्याचं सांगायचं कुणाला? आणि नंतर ती कुठं पोचली काय, न पोचली काय.

लाँचमध्ये वारा बोचरा होता. करंज्याला उतरून ती घरी आली, कुलूप काढलं, दिवा लावला. दोन्ही खोल्या ती सोडून गेली होती तशाच होत्या; सिंकमध्ये आदल्या सकाळी धुवायचा राहिलेला कप, दोरीवर वाळून कडक झालेला टॉवेल. चप्पल न काढताच तिनं फोन लावला.

“पोचले, मावशी.”

“बरं झालं. जेवलीस का?”

“हो,” हेमाली म्हणाली.

फोन ठेवून तिनं चप्पल काढली, बॅग टेबलावर ठेवली आणि कुकरमध्ये एकटीपुरते तांदूळ घेऊन धुवायला लागली.